रोलांडोचं सोंग

रोलांडोला कपड्यांची अक्कल जन्मापासून नव्हती, असं त्याची आई एर्लिंदा चारचौघांत सांगायची. बापाच्या मातीला हा लाल बूट घालून आला होता. पण चाळिशी उलटलेल्या, शाळेत खेळ शिकवणाऱ्या माणसानं मतदानाला सरहद्दीवर बिनकागदाची माणसं धरणाऱ्या गस्तवाल्याचं सोंग घेऊन यावं? हिरवा गणवेश, पत्र्याचा बिल्ला, काळा चष्मा, कमरेला प्लास्टिकचं पिस्तूल. हॅलोवीनचा, सोंगं घ्यायचा दिवस होता. शाळेत पोरांचा कार्यक्रम होता, मुख्य मतदानाआधीच वाटेत आगाऊ मत टाकू म्हणून साहेब वाचनालयातल्या केंद्रापाशी रांगेत उभे.

तेवढ्यात एर्लिंदा ओब्दुलियाला घेऊन तिथं आली. ओब्दुलिया शेजारीण, आणि रोलांडोची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातांवर धरलं होतं. तरुणपणी पलीकडच्या देशातून कागदांविना आली, नदीच्या या काठावर संत्र्यांच्या बागांत राबून म्हातारी झाली, तेव्हा कुठं यंदा नागरिक झाली. आजचं मत आयुष्यातलं पहिलं. त्यासाठी केस रंगवले होते, चर्चचा निळा झगा घातला होता.

रोलांडोनं तिला पाहिलं आणि आवाज जाड करून म्हणाला, "कागद दाखवा, बाई."

रांग हसली. ओब्दुलियानं पिशवीत हात घातला, काहीच न काढता तो तसाच बाहेर घेतला, आणि वळून गाडीकडे चालू लागली.

एर्लिंदा तक्रार घेऊन तडक आत गेली. केंद्रावरच्या बाईनं शांतपणे विचारलं, "त्याच्या कपड्यांवर कुणा उमेदवाराचं नाव आहे?"

"नाही."

"पिस्तूल खरं आहे?"

"खेळण्यातलं."

"धमकी दिली त्यानं?"

"धमकी कसली देतोय? माझा मुलगा आहे तो."

"मग झालं तर. सोंग घेऊन येऊ नये असं आमच्या नियमांत नाही, ताई. तुमच्या छातीवरचा तो प्रचाराचा बिल्ला मात्र काढावा लागेल."

एर्लिंदानं बिल्ला काढला.

संध्याकाळी ती ओब्दुलियाकडे गेली. "अगं, आपला रोल्या होता तो. मूर्ख आहे, दुसरं काही नाही. मंगळवारी मुख्य मतदान आहे, मी येते न्यायला."

"मी ओळखलं होतं गं त्याला," ओब्दुलिया म्हणाली. "चष्म्यासकट ओळखलं. माझ्या पायांनी नाही ओळखलं."

"आता कागद आहेत तुझ्याकडे."

"आहेत ना. ते पिशवीत होते आणि हात पोचेना. आज रोलांडो होता. मंगळवारी कोण असेल, तू सांगशील मला?"



मंगळवारी तिनं दोनदा दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. दार काही उघडलं नाही. वाचनालय बंद व्हायच्या वेळेला ती एकटीच घरी परतली.

रोलांडो जेवायला आला होता. ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आई, गंमत होती. सगळे हसले. मावशीची समजूत काढतो मी, उद्या जातो."

"जा की. तुला कुणी धरणार नाही, नियमाच्या पुस्तकात तुझा गुन्हाच नाही," एर्लिंदा म्हणाली. "पण यापुढे तिच्या घरी जाशील तेव्हा फाटकाबाहेर उभं राहायचं. मी रोलांडो, म्हणून नाव सांगायचं, हात वर करून दाखवायचे. आणि तिनं दार नाही उघडलं, तर दुसऱ्यांदा वाजवायचं नाही. मुकाट परत यायचं."