दीडशे मीटर, पिंपाच्या हिशेबाने

पस्तीस.

उतारावर पडलेले एक गंजके पिंप.

शाळेची सहल. अठरा मुले. प्रत्येकाच्या डब्यात तपकिरी चीज.

एक लाकडी दार. त्यावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहिलेले आकडे, काही खोडलेले.

झाड नाही. एकही नाही.

मित्रांनो, मी एक जुने, रिकामे काडतूस आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबारच्या बेटावर, नदीकाठच्या एका शिकारी झोपडीत, दाराशेजारच्या खिळ्याला मी दोरीने टांगलेले असते. माझ्या तोंडात आता पेन्सिलीचा तुकडा असतो. वर लिहिलेल्या गोष्टी तुम्हाला तुटक वाटल्या असतील. मलाही माझे आयुष्य असेच तुकड्यातुकड्यांनी आठवते.

चार हजार

माझा जन्म कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा ओढून माझे अंग घडवले, पोटात दारू भरली, वर तांबूस टोक बसवले. डब्यावर इशारा छापला होता की हे टोक चार हजार मीटरपर्यंत जाऊ शकते. ते वाचून मला भारी गर्व झाला. तेव्हा मला कळत नव्हते की जाणे वेगळे आणि उपयोगी पडणे वेगळे.

ते मला एलर्टने शिकवले. एलर्ट हा खाणीत राबून निवृत्त झालेला म्हातारा. शिकारीला तो आपल्या भाचीबरोबर जाई. भाचीचे नाव गुडवेग. ती गावातल्या शाळेत शिकवायची. दोघांचा एक रिवाज होता. हंगामाच्या पहिल्या सकाळी झोपडीच्या दारावर प्रत्येकाने आपला आकडा लिहायचा. इतक्या मीटरपलीकडच्या जनावरावर मी गोळी झाडणार नाही, असा त्या आकड्याचा अर्थ. काडतूस दोघांचे सारखेच, पण आकडे वेगळे. कारण आकडा माझा नसतो, मित्रांनो. माझ्यामागच्या डोळ्यांचा आणि हातांचा असतो.

पस्तीस

पांढऱ्या अस्वलासाठी मात्र दोघांचा आकडा एकच होता. पस्तीस. अस्वल तितके जवळ येईपर्यंत ओरडायचे, मागे सरायचे, आवाजाचा बार उडवायचा.

अनेक वर्षे माझे काम एवढेच होते. सकाळी रायफलच्या मॅगझिनमध्ये शिरायचे, सगळ्यांत वर बसायचे, संध्याकाळी बाहेर यायचे. नळी रिकामीच ठेवायची, हा तिथला कायदा. असे आत-बाहेर करून माझ्या अंगावर चरे पडले.

शाळेच्या सहलीवर एलर्ट राखणीला असायचा. एकदा अठरा मुले डबे उघडून बसली असताना टेकाडामागून अस्वल आले. एलर्टने पहिल्यांदाच मला नळीत सारले. गुडवेग मुलांना मागे नेत होती.

"मामा, किती?"

"साठ. उडव तुझा फटाका."

बार फुटला. अस्वल चालतच राहिले. पन्नास. दुसरा बार फुटला. अस्वल थांबले, नाक वर करून हुंगले आणि समुद्राकडे वळले.

एलर्टने मला नळीतून काढले. तो मला म्हणाला, "उपकार झाले बाबा, तुझी गरज पडली नाही." इतकी मोठी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

हेळसांडही वाट्याला आली. एका हिवाळ्यात गुडवेगने थंडगार रायफल शेगडीजवळ आणून ठेवली. गारठलेल्या धातूला घाम फुटतो. माझ्यावर हिरवे डाग पडले.

"पोरी, रायफल ओसरीतच राहू दे! तिला काय कॉफी पाजायची होती?" असे ओरडून एलर्ट मला बाहीने पुसत बसला.

दीडशे

मग ते वर्ष आले, मला राखणीवरून पहिल्यांदाच शिकारीला नेले. त्याच्या आधीच्या हंगामात एलर्टने दुसऱ्या काडतुसाने एकशे ऐंशी मीटरवरून एक रेनडियर जखमी केला होता. दोघे दोन दिवस त्याचा माग काढत फिरले. तो सापडला नाही. त्यानंतर एलर्ट कमी बोलू लागला. "पुन्हा असं झालं तर रायफल कायमची खाली ठेवीन," एवढेच म्हणाला.

हंगामाची पहिली सकाळ. गुडवेगने आधी लिहिले: नव्वद.

"नव्वद?" एलर्ट हसला. "रेनडियर काय चहाला येणारे तुझ्याकडे?"

"माझा आकडा आहे, मामा. तुमचा तुम्ही लिहा."

त्याने पेन्सिल घेतली, जरा थांबला आणि लिहिले: दीडशे.

दुपारी नदीकाठी त्यांना रेनडियरचा नर दिसला. पलीकडे, पिंपाशेजारी चरत होता. झाडे नसलेल्या मुलखात अंतर फसवते, हवा फार स्वच्छ असते. म्हणून एलर्ट नेहमी त्या पिंपावरून अंदाज बांधायचा. या काठापासून पिंप दीडशे मीटर, हे त्याला वीस वर्षे पाठ होते.

"दीडशे," तो पुटपुटला आणि आडवा झाला.

"थांबा, मोजते."

"ते खेळणं खिशात ठेव."

गुडवेगने अंतर मोजायचे यंत्र डोळ्याला लावलेच. तिने पुन्हा एकदा पाहिले. "दोनशे साठ."

"काहीतरीच. पिंप तिथंच आहे."

"नाही ना तिथं. उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यानं खाली नेलंय. पिंप सरकलंय, मामा."

डोळे पुसून एलर्टने पुन्हा पाहिले. मग हळूच विचारले, "पिंप सरकलं, का मी?"

गुडवेगने यंत्र खिशात ठेवले. ती म्हणाली, "वारा आपल्याकडे येतोय. गुडघे साथ देतील?"

"गुडघ्यांना कोण विचारतंय!"

उथळ पाण्यातून ते पार झाले. मग पोटावर सरपटत, दगडामागून दगड. तासभर. एलर्ट धापा टाकत होता आणि मी मॅगझिनमध्ये वाट पाहत होते. तो दीडशेवर थांबला नाही. शंभरावर थांबला, पाहिले, मान हलवली आणि पुढे सरकला.

"आता?" गुडवेगने कानाशी विचारले.

"आता शिंग शिंगासारखं दिसतंय."

यंत्रात सत्तर दिसत होते. त्याने मला नळीत सारले, श्वास सोडला आणि चाप ओढला.

नर चार पावले चालला आणि खाली बसला. शोधावे लागले नाही. माझे टोक गेले आणि मी रिकामे झाले, पण मला वाईट वाटले नाही. एलर्ट त्याच्या मानेवर हात ठेवून रडत होता. गुडवेगने मला गवतातून उचलले. झोपडीत आल्यावर एलर्टने दीडशे खोडले, सत्तर लिहिले आणि पेन्सिल माझ्या तोंडात खोचली.

त्यानंतरही तीन हंगाम तो आला. जखमी जनावर एकही सुटले नाही. चार हजारांचा गर्व मी कधीच सोडला. ज्या म्हाताऱ्याने मला अस्वलावर वाया घालवले नाही आणि रेनडियरवर घाईने उधळले नाही, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू ज्याच्या हाती असेल त्याने तिला कोरडे ठेवावे, कुलपात ठेवावे आणि आपला आकडा खरा लिहावा. पिंपाचा नको, गेल्या वर्षीचाही नको. आणि जवळच्या कुणाचा आकडा लहान होत असेल, तर त्याला हसू नका.

ज्या वर्षी गुडवेगने दारावर नव्वद लिहिले, त्याच उन्हाळ्यात सरावाच्या मैदानावर तिचे दोनशे मीटरवरचे पाचही नेम बरोबर लागले होते.