आधी डावा पाय

चांदवडच्या छायाचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, तेव्हा सासू नवसाबाई फणकारली, "कांदे निवडायला नको, म्हणून सोंगं करती!" छाया दोन महिने लंगडत कांद्याच्या चाळीत राबली. पाय निळा पडला, तेव्हा कुठं नवऱ्यानं तिला नाशिकला नेलं. डॉक्टरांनी फोटोत दाखवलं, उजव्या पायाची धमनी पोटातच डाव्या पायाच्या शिरेवर चढून बसली होती. शिरेत जाळी बसवली, सूज ओसरली.

घरी परतली, तर नवसाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी. ओवाळून म्हणाली, "उजवा पाय आधी टाक गं."

"नाय टाकत, आत्याबाई. उजव्यानं डाव्याला दाबलं अन् तुम्ही मला. आता आधी डावाच येईल."

आणि छायानं डावा पाय दणकन उंबऱ्याच्या आत टाकला.