नाव टाकणं

झाकणावरची ठिपक्यांची रेघ अंगठ्याला लागली, गुळगुळीत स्टीलमध्ये तेवढीच खरखरीत... वर ‘कमलम्मा’, त्यावरून आडवी रेघ, आणि रेघेखाली जरा तिरक्या अक्षरांत ‘स्वप्नाली’. चहाची पूड काढता काढता स्वप्नाली थांबली. चौदा वर्षं हा डबा दिवसातून दोनदा हातात येत होता आणि रेघ लागली ती आज. सकाळी वाचलेल्या त्या गायीवाल्याच्या पत्राचा हा प्रताप, दुसरं काय! उपाशीपोटी लोकांची गाऱ्हाणी वाचू नयेत, असं वीरेश नेहमी म्हणायचा. पण तिला पगारच गाऱ्हाणी वाचायचा मिळत होता, आणि नवऱ्यापाशी ती कबूल करत नसली तरी हे काम तिला मनापासून आवडायचं.

कंपनी पुण्याची. तिचं एक सॉफ्टवेअर होतं — दोन डेटाबेस शेजारी शेजारी ठेवायचे, त्यांत कुठं काय फरक आहे ते दाखवायचं, कुणी कधी काय बदललं त्याची नोंद ठेवायची, आणि सांगितलं तर एकाला दुसऱ्यासारखं करून द्यायचं. जगभरातले लोक ते वापरत आणि वापरता वापरता त्यात आणखी काय हवं ते लिहून पाठवत. ते सगळं लातुरात, औसा रोडच्या या घरात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून स्वप्नाली वाचायची, एकसारख्या मागण्या एका गाठोड्यात बांधायची आणि पुण्याला कळवायची, हे करा, हे राहू द्या. माणसांना काय काय हवं असतं! एकाला फरक हिरव्या रंगात नको होता, कारण त्याला हिरवा दिसतच नव्हता. एकीला बदलाचं कारण लिहायची सक्ती नको होती. कारण नसतं कधी कधी, असं तिनं लिहिलं होतं. एका बहाद्दराला तर बदल करणाऱ्याच्या नावाशेजारी त्याचा फोन नंबर हवा होता, म्हणजे लगेच शिव्या देता येतील. स्वप्नालीला हे सगळे लोक आपल्या गल्लीतले वाटायचे.

आणि आज हा गायीवाला. कुठल्याशा थंड देशातला, गुरांच्या दवाखान्याच्या नोंदी ठेवणारा. त्याच्या नोंदींमध्ये ‘खूण’ नावाचा रकाना होता, त्याचं नाव बदलून त्यानं ‘ओळख’ केलं, एवढंच. पण सॉफ्टवेअरनं जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या आणि आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावला — ‘खूण’ इथून गेलेली दिसते, ‘ओळख’ नवीनच आलेली दिसते. मग त्यानं जुना रकाना आतल्या मालासकट काढून टाकला आणि नवा केला, स्वच्छ, रिकामा. अकरा हजार गायींच्या खुणा — कपाळावरचा चांद, फाटका कान, एकच पांढरा पाय — एका बटणात गेल्या. प्रत होती म्हणून तीन दिवसांनी परत मिळाल्या. तरी माणूस चिडला नव्हता. त्यानं शांतपणे लिहिलं होतं, तुमच्या टूलला दोनच गोष्टी माहीत आहेत, जुनं काढून टाकणं आणि नवं करणं. नाव बदलणं ही तिसरी गोष्ट असते, तेवढी त्याला शिकवा.

त्याच्या मागणीला इतर वापरणाऱ्यांची सात मतं होती. डोळ्यांना बरा म्हणून स्क्रीनला काळा पडदा हवा म्हणणाऱ्यांना चारशे बारा. पुढच्या आवृत्तीत दोघांपैकी एकच बसणार होतं आणि चार वाजता मीटिंग होती.

चहा कपात ओतून ती टेबलाशी आली खरी, पण डोळ्यांपुढं गायी येईनात, उदगीरचं दुकान आलं. अप्पांचं, मडिवाळप्पांचं, भांड्यांचं दुकान. काउंटरच्या टोकाला ते मशीन — टर्रर्र करत भांड्यावर ठिपके पाडत जायचं आणि ठिपक्यांची अक्षरं व्हायची. लग्नसराईत गिऱ्हाइकांची रांग लागायची. ‘मालक, नाव टाकून द्या.’ सगळे असंच म्हणायचे, नाव टाकून द्या... आणि भाषा तरी काय गमतीची, भांड्यावर नाव घालायचं तेही टाकणं आणि नको ते फेकायचं तेही टाकणंच!

तिचं लग्न ठरलं तेव्हा अप्पांनी एक्कावन्न भांडी वेगळी काढली आणि सगळ्यांवर स्वतःच्या हातानं नाव टाकलं, कमलम्मा. त्यांच्या आईचं नाव. आई गेली आणि वर्षाच्या आत ही झाली, म्हणून हिलाही तेच. लहानपणी त्यात काही वावगं नव्हतं. उदगिरात घराघरात एक कमलम्मा असते. पण इंजिनिअरिंगला ती नांदेडला गेली, आणि पहिल्याच हजेरीला मागच्या बाकावरून कुणीतरी ‘कमलम्मा, दोन इडली’ म्हटलं, आणि पुढची चार वर्षं ती इडली काही उतरली नाही. म्हणून लग्न ठरल्यावर वीरेशला तिनं फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीनं कुठलं नाव लिहायचं ते. तांदळात जोडाक्षर काही जमेना. त्यानं आधी ‘सवपनाली’ लिहिलं, सगळा मांडव हसला, तीही हसली, आणि इतकं हलकं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

हे तिला स्वतःशी पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं, कुणी लादलं नव्हतं. सासरच्यांनी नाव बदलायला लावलं असतं तर रागवायला तरी कुणी मिळालं असतं. पण तिनंच मागितलं, तिलाच मिळालं, राजपत्रात छापून आलं, आणि ती सुखी होती. आजही होती. नवरा बरा, अहमदपूरच्या कॉलेजात शिकवायचा, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचा, येताना कधी पेरू आणायचा. सुखाला आणखी काय शिंगं असतात?

मग लग्नाआधी, मांडव पडायच्या दिवशी, तीच दुकानात गेली होती ना... त्या एक्कावन्न भांड्यांच्या चळतीकडं बघून म्हणाली होती, ‘अप्पा, ते नाव टाका आता.’ तिला म्हणायचं होतं, टाकून द्या. अप्पा चष्मा पुसत म्हणाले, ‘टाकतो की.’ आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक भांड्यावर जुन्या नावावरून एक रेघ आणि खाली नवं नाव. हात कधी न हलणाऱ्या माणसाचं अक्षर तेवढं तिरकं आलं होतं. तेव्हा तिला वाटलं, घाईत केलं असेल.

अकरा वाजता ती गंजगोलाईत भाजीला गेली. वांगी निवडत होती. काटेरी, देठाची, किडकी नसलेली... मागं कुणी बाई ओरडत होती, ‘कमलम्मा! ए कमलम्माऽ!’ स्वप्नालीच्या मनात आलं, कुणीतरी गावाकडची म्हातारी असेल, बहिरी बिचारी, किती हाका मारायला लागतायत. चार वांगी तिनं आणखी बघितली. आणि मग कळलं, मी वळले नाही. स्वतःच्या नावाला, चोवीस वर्षं ज्या नावानं उठले, जेवले, मार खाल्ला, त्या नावाला मी वळले नाही, उलट दया करत उभी राहिले...

खांद्यावर थाप पडली. दुकानाशेजारची साखराबाई! लेकीकडं लातूरला आलेली, घामानं डबडबलेली.

‘बहिरी झालीस का गं? कवापासून हाका मारायलेय मी!’

‘लक्ष नव्हतं, मावशी.’

‘लई मोठी झालीस बाई.’ साखराबाईनं तिच्या पिशवीतलं एक वांगं उलटंपालटं करून परत ठेवलं. ‘तुझा बाप दुकान बंद करायलाय, ठावं हाय न्हवं?’

ठाऊक होतं. गुडघे दुखतात, वय झालं, गिऱ्हाईक मोठ्या दुकानांत जातं. अप्पांनीच ठरवलं होतं, आणि ते त्यावर खूश होते.

‘मशीन बी द्यायलाय सोमवारी. परवा बगते तर एकलाच बसलाय, फुलपात्रावर नाव टाकत. म्हनलं मडिवाळप्पा, आता कुनाचं गिऱ्हाईक आलं? तर म्हनतो, कुनाचं न्हाई, उगं. डोकावून बगितलं तर कमलम्मा! म्हनलं, लेकीचं व्हय? तर म्हनतो, न्हाई, आमच्या अव्वाचं.’

एवढं बोलून साखराबाई कोथिंबिरीच्या भावावर घसरली. स्वप्नाली वांगी घेऊन घरी आली, पैसे दिले की नाही हे तिला रिक्षात आठवावं लागलं.

घरी येऊन तिनं गायीवाल्याचं पत्र पुन्हा उघडलं. नाव बदललं आणि आतला माल गेला... आपला काय माल गेला? आपल्याला सगळं आठवतं, नांदेडची हजेरी आठवते, दुकानाच्या मागच्या दारातून अप्पांची लांबलचक हाक आठवते — कमलम्माऽऽ, शेवटचा ‘मा’ गल्लीच्या टोकापर्यंत जायचा — आणि तिथून आपण दिलेली ओ आठवते. आपलं काही गेलेलं नाही. आणि मग तिच्या ध्यानात आलं, आणि आल्यावर इतकं सरळ होतं की आजवर कसं दिसलं नाही. रिकामा झालेला रकाना तिचा नव्हताच. आई गेल्यावर अप्पांच्या तोंडातलं ते नाव एकदा गेलं होतं. लेक झाली तसं परत आलं. चोवीस वर्षं त्यांनी ते दिवसातून दहादा गल्लीभर हाळी देऊन म्हटलं. आणि तिनं सांगितल्यावर टाकलं. त्या दिवसापासून एकदाही, चुकूनसुद्धा, जीभ घसरली नाही त्यांची. माणसाची जीभ आपणहून कधी इतकी नीट वागते का? तिला वाईट वाटलं. आडवळणानं नाही, सरळ वाईट वाटलं, आणि त्या वाइटाखाली काहीतरी उबदारही होतं, त्याला मात्र तिला शब्द सापडला नाही.

चार वाजता पडद्यावर पुण्याची ऋतुजा आली. हुशार पोर, कोड लिहिणारी, तोंडानं फटकळ.

‘मॅडम, काळ्या पडद्याला चारशे बारा मतं आहेत. गायींना सात.’

‘काळा पडदा नसला तर कुणाचं काही जात नाही, ऋतुजा.’

‘मान्य. पण टूलला कळणार कसं? एक रकाना गेला, एक आला. तो तोच आहे की दुसराच आहे?’

स्वप्नालीकडं तयार उत्तर होतं. जागा तीच आहे का बघायची, आतला माल किती जुळतो ते बघायचं, असं सगळं तिनं लिहूनही ठेवलं होतं. पण ती म्हणाली, ‘नाही कळणार. काढून टाकायच्या आधी थांबून माणसाला विचारायला लागेल, हे तेच आहे का म्हणून.’

‘आणि माणसालाच माहीत नसेल तर?’ ऋतुजा हसली.

‘मग थांबूनच राहायचं. कळेपर्यंत काही टाकायचं नाही.’

पलीकडं कुणीतरी खाकरलं, कुणी ‘इंटरेस्टिंग’ म्हणालं, आणि विषय शुक्रवारवर ढकलला गेला. एरवी तिला असं ढकलणं आवडत नसे. आज चाललं.

लॅपटॉप मिटून ती गच्चीत गेली, वाळलेले कपडे काढले, ते खांद्यावर तसेच ठेवून तिनं उदगीरला फोन लावला.

‘बोल, स्वप्नाली.’

फोन उचलताना एकदा आणि ठेवताना एकदा, अप्पा नाव घ्यायचेच. ‘बोल, स्वप्नाली’, ‘ठेवतो, स्वप्नाली’. चौदा वर्षांत एका फोनला चुकले नव्हते. पाढा पाठ राहावा म्हणून पोरं म्हणतात तसं.

‘अप्पा, फुलपात्रावर कुणाचं नाव टाकलंत?’

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. मग अप्पा हसले. ‘साखराबाईच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. मशीन चालतंय का बगत व्हतो. घेनाऱ्याला दाखवाया नगं?’

‘मग दुसरं काही टाकायचं. मशीनला काय.’

‘मशीनला काय न्हाई. हाताला त्येच येतंय.’

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

‘अप्पा, मला एकदा हाक मारा ना. त्या नावानं.’

‘तूच म्हनलीस, टाका.’ आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. गिऱ्हाइकाला पावती दाखवावी तसं ते म्हणाले.

‘म्हटलं होतं. चुकलं माझं.’

‘चुकलं कशानं? ग्वाड नाव हाय की स्वप्नाली. मला बी आवडतंय आता. आन् फोनवर हाक मारत न्हाईत. फोनमधी मानूस कानातच असतंय. हाक लांबच्याला मारायची.’

‘मग मी येते. सोमवारच्या आधी येते. गल्लीच्या टोकाला उभी राहते.’

‘ये.’ पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला, मग पुन्हा थांबला. ‘बरं. ठेवतो...’

आणि पुढं नाव आलं नाही. तिनं वाट बघितली. फोन चालू होता, अप्पांचा श्वास ऐकू येत होता, तेही कशाची तरी वाट बघत असावेत. मग फोन बंद झाला. तो बंद झाला तरी तिनं कानाचा काढला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा अप्पांनी तिला कुठल्याच नावानं निरोप दिला नव्हता, आणि ती रिकामी राहिलेली जागा तिला बोचत नव्हती. उलट कपड्यांचा ऊन वास खांद्यावर घेऊन तिथंच थोडा वेळ राहावंसं वाटत होतं. खाली स्कूटर एकदाची सुरू झाली, निघून गेली. स्वप्नाली कान देऊन उभी होती, आणि आता कुणी मागून हाक मारली तर आपण कुठल्या नावाला वळू, हे तिचं तिलाच सांगता येईना.