डोंगरापलीकडची हजेरी

साहेबांनी आमच्या नेटवर्क कक्षाच्या भिंतीवर मोठा पडदा लावून घेतला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. दूरदूरच्या आरोग्य केंद्रांतल्या राउटरचा एकेक दिवा त्यावर. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे उत्तर नाही. दिवे पटापट बदलताना दिसावेत, म्हणून साहेबांनी प्रत्येक राउटरला लाइनवरून 'आहेस का?' विचारून दर दहा सेकंदांनी हजेरी घ्यायला लावली.

डोंगरापलीकडच्या केंद्राची लाइन मुलखाची मंद. पहिल्या हजेरीला उत्तर निघेपर्यंत दुसरी दारात उभी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! तिथली परिचारिका माझी सख्खी आत्या.

त्या दिवशी तिचाच दिवा लाल झाला. लसींच्या फ्रिजचं तापमान दुपारपर्यंत आमच्याकडे पोचलं नाही, तर सगळ्या लसी फेकायच्या, असा नियम. आणि आत्याने गावातली बाळं उद्याच बोलावलेली.

"झाला का हिरवा?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"आता?"

"साहेब, तुम्ही विचारायचं थांबलात, तर काहीतरी करीन ना!"

बोलले आणि माझीच ट्यूब पेटली. लाइनचंही दुखणं हेच होतं. मी त्या केंद्राची हजेरी बंद केली, साहेबांना चहाला पिटाळलं. तरी आकडा येईना. मग आत्याला फोन लावला.

"अगं, चार अंश आहे, मला डोळ्यांनी दिसतंय. घे की लिहून!"

"तोंडी चालत नाही, आत्या. यंत्राकडूनच यायला हवं."

"यंत्र पाठवतंय गं, नुसतं चक्र फिरतंय."

"घाबरू नकोस, मी फोनवरच थांबते. गेला का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं बाई! बरं ऐक, माझा गुडघा परवापासून..."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! केंद्राचा फोनही त्याच लाइनवरून चालतो, आणि तो तसा जोडून दिला होता मीच. आत्याचा गुडघा अर्ध्यावर सोडून मी फोन आपटला.

थोड्या वेळाने आकडा आला. चार. मग एकदाच हजेरी घेतली, दिवा हिरवा झाला. मला चक्क रडू फुटलं.

संध्याकाळी बाबांचा फोन. "आत्या म्हणते, पोरगी फोन आपटायला शिकली. काय केलंस तिला?"

बाळांना लस मिळाली. त्या केंद्राची हजेरी आता तासाला एकदाच होते. आत्या अजून माझा फोन उचलत नाही. मी मात्र दर दहा सेकंदांनी तिच्या दिव्याकडे बघते.