घड्याळाची जागा

सूनबाईने घड्याळ डॅशबोर्डच्या भोकात बसवायला घेतलं आणि ते अडलंच नाही. पुढून लावलं, मागून तिच्या तळहातावर येऊन पडलं. तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पाहण्यात काहीच अर्थ नव्हता, तरी तिने पाहिलं. अशा वेळी माणूस पाहतोच. मग ती डॅशबोर्ड मांडीवर घेऊन स्टुलावर तशीच बसून राहिली.

दुकान जुन्या मोटारींच्या मीटरांचं. मालक तिचे सासरे. या धंद्यातली माणसं त्यांना काटेमास्तर म्हणत. कुठल्याही मीटरचा काटा कुठे अडतोय हे ते नुसतं कान लावून सांगतात, अशी त्यांची ख्याती होती, आणि त्यातली निम्मी ख्याती त्यांनी स्वतःच गावभर पसरवलेली होती. उरलेली निम्मी मात्र खरी. हल्ली कामं यायची ती एकाच प्रकारची: जुन्या मोटारीचे मीटर मरून पडलेले, मालकाला आत नवी यंत्रं हवीत, पण दर्शनी भाग जुनाच हवा. म्हणजे तबकडी जुनी, काच जुनी, पितळी कडं जुनं, आणि काट्यामागे मात्र आजचं इलेक्ट्रॉनिक पोट. दात नवे बसवायचे पण हसू जुनंच दिसलं पाहिजे, असला हा हट्ट, आणि काटेमास्तर तो पुरवत आले होते.

हा डॅशबोर्ड होता मोटारवाल्या बाईंचा. यजमान गेल्यावर त्यांची मोटार बाई स्वतः चालवत. मागे एकदा चढावर इंजिन उकळून वाफा निघाल्या, तरी तापमानाचा काटा आपला खुशाल झोपलेला. तेव्हा बाई मेकॅनिककडून डॅशबोर्डच सोडवून घेऊन आल्या. "आतून काय हवं ते नवं घाला," त्या म्हणाल्या, "फक्त घड्याळाला हात लावू नका. चालतंय ते. गाडी सुरू करायच्या आधी हे रोज त्याला चावी द्यायचे, आता मी देते. त्याची जागासुद्धा जशी आहे तशीच राहू दे. एवढं एकच मागणं आहे माझं."

लाकडी फळीत ओळीने तीन लहान गोल भोकं होती: डाव्या टोकाला घड्याळ, मध्ये तापमान, उजव्या टोकाला बॅटरी. नव्या मीटरांचं अंग जुन्यांपेक्षा जरासं जाड, म्हणून मधलं आणि उजवं भोक नखभर वाढवायचं होतं. वाढवलेलं पितळी कड्याखाली झाकलं जातं. घड्याळाला असं कडं नाही, ते लाकडातच घट्ट बसतं. काटेमास्तरांची पद्धत अशी, की पुढच्या पॉलिशवर पेन्सिल टेकवायची नाही. फळीच्या पाठीवर पातळ कागद ठेवून भोकांची छाप घ्यायची, जी वाढवायची त्यांवर फुल्या मारायच्या, आणि मग तो कागद उलटा करून पुढून चिकटवायचा. पाठीमागून घेतलेली छाप तशीच पुढे लावली तर डाव्याचं उजवं होतं. सूनबाई दुकानात बसायला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला हे शिकवलं होतं आणि वर दम भरला होता, "हे विसरणाऱ्याने भाजी निवडायला जावं."

आदल्या दुपारी ती सेन्सर आणायला बाहेर गेली होती. परतली तेव्हा काटेमास्तर भुशाने माखलेले, फुशारून बसलेले. "झालं बघ काम. तुझी वाट बघत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती." तिने कौतुक केलं आणि कागदाचे कपटे झाडून टाकले. कागद त्यांनी उलटा केलाच नव्हता, हे आता तिला कळत होतं. मधलं भोक बरोबर वाढलं होतं, आणि उजव्याऐवजी घड्याळाचं. कुठली बाजू वर आहे हे त्यांना दिसलंच नसणार.

त्यांच्या डोळ्यांविषयी दुकानात बोलायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. ते वायरचा रंग विचारत, तेव्हा सूनबाई सहज बोलल्यासारखा रंग सांगे. स्क्रू ते बोटांनी शोधत. उजेड कमी पडतो म्हणून दोन दिवे वाढवले, तर हल्ली दिवेच चांगले बनत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरचं नाव काढलं की ते जेवणावरून उठत. मग नाजूक कामं एकेक करून सूनबाईकडे आली. काटा बसवायचा तिने, आणि डोळ्यांजवळ धरून 'ठीक आहे' म्हणायचं त्यांनी. दोघांचं बरं चाललं होतं, कारण हे असं का चाललंय ते कोणीच कोणाला विचारत नव्हतं.

नवऱ्याला मात्र शंका होती. तो नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला. माणूस वाईट नव्हता हो, पण बापाचं बोट करवतीखाली जाईल या धास्तीने त्याची झोप उडाली होती. "बाबांच्या हातून एक काम जरी बिघडलं ना," तो तिला म्हणाला होता, "त्या दिवशी मी दुकान बंद करणार. मग कोणी मध्ये पडायचं नाही." आणि तो बोलला ते करणारा होता, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

दुकान बंद झालं की काटेमास्तर घरी भिंतीकडे बघत संपणार, हे तर उघडच होतं. पण खरं सांगायचं तर सूनबाईची भीती नुसती सासऱ्यांसाठी नव्हती. ती या दुकानात त्यांचा डबा द्यायला म्हणून आली होती आणि राहिली होती. घरात ती कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई. इथे ती श्वास रोखून काटा शून्यावर टेकवायची आणि तो टेकायचा. हे सुख तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ते आता हातचं जाणार, या विचाराने तिला रडू फुटत होतं, आणि रडायला वेळ नव्हता. संध्याकाळी बाई डॅशबोर्ड बघायला येणार होत्या, आणि रोजच्यासारखा नवराही दोघांना घरी न्यायला येणार होता.

काटेमास्तर जेवून आतल्या खुर्चीत डुलक्या घेत होते. तिने आवाज न करता कामाला हात घातला. आधी लाकडाचा भुसा गोंदात कालवून भोकाच्या कडेला थापला. वाळल्यावर तो लाकडासारखा दिसेना, ताटाला चिकटलेल्या खरकट्यासारखा दिसायला लागला. तो खरवडून काढला. मग लाकडाची पातळ पट्टी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून वाकवली, ती कडकन मोडली. दुसरी वाकली, भोकात बसलीही, घड्याळ तिच्यात अडलंसुद्धा, आणि सूनबाईच्या जिवात जीव आला. पण रंग! जुनं लाकूड ऊन खाऊन खाऊन मधासारखं झालेलं, आणि ही पट्टी गोरीगोमटी, रस्त्यावरूनही ओळखू येईल अशी. तिने रंग चढवला तर ती काळीठिक्कर पडली. काढायला म्हणून तिने पातं घातलं, पट्टी निघाली, पण पातं सटकलं आणि पुढच्या पॉलिशचा एक टवका उडून तिच्या मांडीवर पडला.

तिने तो टवका उचलून मुठीत धरला. मघाशी एक चूक होती, आता दोन झाल्या होत्या, आणि दुसरी तर तिची स्वतःची होती.

"काय गं, बसलं का घड्याळ?" आतून आवाज आला.

"बसवतेय, बाबा."

"बसणारच. भोकं कशी कापलीत ती बघितलीस ना? तो म्हणतो माझा हात गेला. हात आहे म्हणावं अजून." खुर्ची करकरली. "आज दाखव त्याला. मुद्दाम दाखव."

सूनबाईने तोंड उघडलं. बाबा, कागद उलटा करायचा राहिला, एवढंच तर बोलायचं होतं. पण त्या आवाजात शाबासकी मागणाऱ्या पोराचं काहीतरी होतं, आणि तिची जीभ रेटेना.

"दाखवते," ती म्हणाली.

बाई ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. आणि त्यांच्यासाठी दार धरून उभा कोण, तर नवरा! रोज वाट बघायला लावणाऱ्या या माणसाला नेमकी आजच लवकर निघायची बुद्धी झाली होती. सूनबाईने घाईघाईने डॅशबोर्डवर फडकं टाकलं. बाईंनी ते सहज उचललं. मग त्यांनी शेजारचं घड्याळ घेऊन त्या भोकासमोर धरलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"मी एकच गोष्ट सांगितली होती," त्या म्हणाल्या. आवाज चढलाही नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "एकच."

नवऱ्याने भोकाकडे पाहिलं आणि मग बापाकडे. काटेमास्तर दाद घ्यायला हसत हसत आतून येत होते.

"बाबा," नवरा म्हणाला, "आता बस झालं हं. मी सांगत होतो की नाही, तुमच्या..."

"मी कापलंय ते," सूनबाई म्हणाली.

"तू?"

"मीच. कागद उलटा करायचा विसरले. बाबा तेव्हा झोपले होते. त्यांना अजून माहीतसुद्धा नाही."

काटेमास्तरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. ते पुढे आले. त्यांनी फळी चाचपली, घड्याळाच्या भोकात अंगठा घातला आणि तो कडेवरून सावकाश गोल फिरवला. कड आतल्या अंगाने किंचित तिरकी घासलेली होती. साऱ्या बाजारात अशी कड एकच माणूस घासतो, हे सूनबाईला ठाऊक होतं आणि त्या माणसालाही. अंगठा एकदा फिरला, पुन्हा फिरला. आता ते म्हणतील, नाही, हे काम माझं आहे, असं तिला वाटलं. त्यांनी तसं म्हणू नये म्हणून ती जीव मुठीत धरून उभी होती, आणि त्यांनी म्हणावं असंही तिला फार, फार वाटत होतं.

"पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतोय," काटेमास्तर म्हणाले. "पाठीमागची छाप तशीच लावायची नाही म्हणून. पण हिचं लक्ष असेल तर ना!" मग ते बाईंच्या दिशेने वळले. "बाई, चूक माझ्या दुकानाची. इथे जुनं लाकूड मी जातीने बसवून देतो. हिचा हात यापुढे कुठल्याच कामाला लागणार नाही."

"तुम्ही स्वतः करणार असाल तरच ठेवते," बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये घातलं. सूनबाईकडे त्यांनी पाहिलं नाही. नवरा त्यांना टॅक्सी बघून द्यायला बाहेर गेला.

दुकानात दोघंच उरली.

"बाबा, तुम्हाला कळलंय," सूनबाई म्हणाली.

काटेमास्तर फडक्याला हात पुसत राहिले.

"ते लाकूड तुम्ही कसं बसवणार? तुम्हाला दिसत..."

"हळू बोल. तो बाहेर आहे."

तिला त्यांचा संताप आला. एवढ्या मोठ्या माणसाने असं करावं! आणि त्याच क्षणी त्या दबक्या आवाजातली भीती ऐकून तिला गलबलून आलं. हे दोन्ही एकदम कसं सोसायचं हे तिला कळेना.

"मी आत बसून करीन," ती अगदी हळू म्हणाली. "कोणाला दिसणार नाही. नाव तुमचंच राहील. बाबा, मला इथून काढू नका."

"नको. तू समोर असलीस की मला रोज ते भोक दिसेल." त्यांनी हात पुढे केला. "तुझ्याजवळची किल्ली दे."

तिने पिशवीतून दुकानाची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि ते एकेक दिवा मालवायला लागले.

बाहेर नवरा गाडीला टेकून उभा होता. त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. "खरं सांगू? तुझी चूक निघाली ते बरंच झालं. मला वाटलं बाबाच. आजच कायमचं कुलूप ठोकणार होतो." मग तिचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं. "मनाला लावून घेऊ नकोस. कोणाकडूनही होतं. घरी निवांत राहा आता थोडे दिवस."

"हो," ती म्हणाली.

मागे काटेमास्तर शटर ओढून कुलूप लावायला वाकले होते. किल्लीचं टोक कुलपाच्या शेजारी पत्र्यावर खरखरलं, सरकलं, पुन्हा खरखरलं. कुलपाचं तोंड त्यांना सापडत नव्हतं. नवऱ्याने तो आवाज ऐकून मान वळवायला घेतली, तशी सूनबाई झटकन त्याच्या आणि दुकानाच्या मध्ये जाऊन उभी राहिली, आणि मुलाच्या शाळेत काय गंमत झाली ते मोठमोठ्याने, हातवारे करत सांगायला लागली. शाळेत काहीच झालेलं नव्हतं. पण मागची खरखर थांबेपर्यंत तिला बोलत राहायचं होतं.