रांजणावरचं फडकं

मित्रांनो, मी रांजण आहे. जुना आहे, बुडाशी काळा पडलो आहे आणि सध्या पालथा आहे. पालथ्याला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. तेवढ्यावरच माझे दिवस निघतात.

ब्राझीलच्या परायबा भागातल्या पेद्रा लिसा वाडीत मला दोना ऑतिलियाच्या मावशीने घडवलं. तिच्याकडे चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचत ती माझ्याभोवती फिरत राहिली आणि मक्याच्या रिकाम्या कणसाने घासून तिने मला गुळगुळीत केलं. ऑतिलियाचं लग्न झालं तेव्हा मी गाढवावर बसून तिच्या सासरी आलो. ती बिचारी उन्हातून पायी आली, मला मात्र पोत्यात गुंडाळलं होतं.

माझ्या तोंडावर तिने एक फडकं बांधलं. कसाव्याच्या पिठाच्या पोत्याचं सुती कापड, कडेला हाताने विणलेली जाळी. दर शनिवारी ती ते धुवायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा घट्ट बांधायची. आमच्याकडे पाऊस वर्षवर्ष फिरकत नाही, पाणी टँकरने येतं. त्यामुळे घरात माझ्याइतका मान कोणालाच नव्हता. पाहुणे म्हणायचे, ऑतिलियाच्या रांजणाचं पाणी गोड. मला गर्व व्हायचा, लपवत नाही.

मग घरात फ्रीज आला आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. माझ्या पाण्याने भांडी घासू लागले, हातपाय धुऊ लागले. ओगराळं आत बुडायचं, भरून निघून जायचं. माझ्याशी बोलायला कोणाला वेळ नव्हता. एकटेपणा मला खायला उठायचा.

अशात एदिनेते सून होऊन आली. तिचा नवरा जेनिव्हाल लग्नानंतर दोन महिन्यांतच दक्षिणेला बांधकामावर गेला. तीही माझ्यासारखीच मागे पडली. दुपारी ती पडवीत यायची, माझ्या गार पोटाला गाल लावून बसायची आणि मनातलं बोलायची. आपल्याला दिवस गेलेत हेही तिने आधी मलाच सांगितलं, मग सासूला.

एके सकाळी तिने माझं फडकं सोडलं. बाळाला टोपडं शिवायचं होतं. तीस वर्षं धुऊन धुऊन ते कापड लोण्यासारखं मऊ झालं होतं, असं कापड दुकानात मिळत नाही, असं तिचं म्हणणं. ऑतिलिया हसली. रांजणाला उघडं पाडून नातवंडाला झाकायला निघालीस का गं, म्हणाली. पण नाही काही म्हणाली नाही. माझ्या तोंडावर एक जुना पत्रा ठेवला गेला. तो वाकडा होता, एका बाजूला दोन बोटं फट राहायची.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. आठवड्याभरात माझ्या पाण्यात बारीक बारीक जीव वळवळू लागले. वर यायचे, खाली जायचे, दिवसभर त्यांची धावपळ. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात कोणीतरी वस्तीला आलं होतं. मला करमू लागलं. त्यांना पंख फुटले आणि ते फटीतून उडून गेले, तेव्हा मला वाईट वाटलं.

डास दिवसाच चावायचे, एदिनेते पडवीत बसून टोपडं शिवत असताना. ती हाताने हाकलायची आणि पुन्हा टाका घालायची. काही दिवसांनी तिला बारीक ताप आला, अंगावर पुरळ उठलं. सासूने गवती चहाचा काढा दिला. तीन दिवसांत सगळं निवलं आणि दोघी विसरूनही गेल्या.

पुढच्या महिन्यात आरोग्य खात्याचा सिल्व्हानो बॅटरी घेऊन घरोघर फिरत आला. त्याने पत्रा उचलून आत उजेड टाकला आणि बराच वेळ तो बघतच राहिला. मग त्याने एदिनेतेकडे पाहिलं.

"ताई, ताप, पुरळ काही येऊन गेलं का?"

"आलं होतं. बरं झालं."

"तेव्हा कितवा महिना होता?"

"तिसरा लागला होता."

 त्याने माझं पाणी परसात ओतलं आणि मला पालथं घातलं. तिचं रक्त शहरात गेलं. काही आठवड्यांनी कागद आला, डासांमुळे होणारा आणि पोटातल्या बाळाचं डोकं वाढू न देणारा रोग तिच्या अंगात येऊन गेला होता. बाळाला काही होईल की नाही, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. कुठला डास चावला तेही कोणाला सांगता येणार नाही, वाडीत पाणी उघडं साठवणारी घरं कमी नाहीत, असं सिल्व्हानो म्हणाला. माझी समजूत घालायला ते पुरेसं नव्हतं. एदिनेते पडवीत यायची बंद झाली. ते महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

मग एका दुपारी पडवीत बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, नाव आगता. पाठोपाठ ऑतिलियाची पावलं तरातरा माझ्याकडे आली. मुसळ जमिनीला टेकल्याचा आवाज झाला.

"याचे आज तुकडेच करते."

"राहू द्या, आई," एदिनेते म्हणाली. "फडकं मी काढलं."

 मग ऑतिलिया हलकेच म्हणाली, "आणि मी हसले." मुसळ तिने भिंतीला लावून ठेवलं.

एदिनेते माझ्या पाठीला पाठ टेकून खाली बसली. किती महिन्यांनी. टोपडं बाळाच्या डोळ्यांवर घसरतंय, अगदी नाकापर्यंत, म्हणाली. ऑतिलिया म्हणाली, जास्तीचं कापड कापून टाक, माझी कात्री घे.

"कापत नाही, आई. दोन दुमडी आत घालते. डोकं वाढलं की उसवीन."

मित्रांनो, पाण्याचं भांडं म्हातारं असो की नवं, त्याचं तोंड झाका. आठवड्यातून एकदा ते रिकामं करून घासा. आणि कोपऱ्यात पडलेल्याकडे अधूनमधून डोकावत जा. कोणी वेळेत डोकावलं असतं, तर मी अशा पाहुण्यांना घर दिलं नसतं.

आगता आता दोन वर्षांची आहे. ती अजून चालत नाही. आई तिला मांडीवर घेऊन माझ्याशी टेकून बसते आणि तिचे पाय चोळते. गेल्या रविवारी मी दोरा तुटल्याचा आवाज ऐकला. एदिनेतेने सासूला हाक मारली, आणि दोघी किती तरी वेळ रडत होत्या, हसत होत्या. एक दुमड उसवली. दुसरीसाठी मी कान लावून बसलो आहे.