गोठ्यातला हात

मी एक हात बोलतोय. हात म्हटल्यावर तुम्ही लगेच त्याच्या मागचा माणूस शोधाल, पण मला धड नाही, डोकं नाही, बोटंसुद्धा नाहीत. ॲल्युमिनियमचे पाइप, गाडीच्या काचा वरखाली करणाऱ्या मोटरी आणि टोकाला एक पोकळ नळकांडं, एवढाच मी. कासारसाईत विश्राम आप्पांच्या गोठ्यात, ज्या खांबाला एके काळी म्हैस बांधायचे, त्याच खांबाला मला बोल्टांनी आवळलंय.

मला घडवलं आप्पांच्या एकुलत्या एका लेकीनं, वैष्णवीनं. ती लवळ्याच्या डोंगरावर इंजिनिअरिंगला होती. शेवटच्या वर्षाला तिनं ठरवलं, की अंतराळ स्थानकावर सामान घेऊन येणारं यान कसं पकडतात, ते करून दाखवायचं. गुरं तोवर विकली होती, गोठा रिकामाच होता. महिनाभर इथं वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि तिची आई, साधनाबाई, चहा ठेवून ठेवून थंड करत होत्या.

माझा थोरला भाऊ वर, त्या स्थानकावर आहे. त्याचं काम ऐका, म्हणजे पुढचं सगळं कळेल. सामानाचं यान खालच्या अंगानं हळूहळू वर येतं आणि दहाएक मीटरवर थांबतं. मग ते आपली यंत्रं बंद करतं आणि नुसतं तरंगत राहतं. त्यानंतरच हात पुढं जायचा, तोही अगदी सावकाश. यानावर एक दांडा असतो. तो नळकांड्यात आला, की आतल्या तीन तारा फिरून त्याच्याभोवती मिटतात. जरा जरी धक्का लागला, तरी यान लांब निघून जातं. आणि यंत्रं बंद न करताच त्याला धरलं, तर ते धरणाऱ्या हाताशीच झगडायला लागतं.

आमचं यान म्हणजे गोडेतेलाचा रिकामा डबा. त्याला चंदेरी रंग मारून, दांडा बसवून वैष्णवीनं तो आढ्याला तंगुसानं टांगला. धरणावर मासे धरणाऱ्यांकडून आणलेलं ते बारीक तंगूस लांबून दिसतसुद्धा नव्हतं. माझ्या तिन्ही तारा सायकलच्या ब्रेकच्या. दोन दांडकी हलवून मला चालवायचं.

कॉलेजात माझं कौतुक झालं. मग तिथं ठेवायला जागा नाही म्हणून मी टेम्पोत बसून माहेरी परत आलो. आप्पांनी टेम्पोवाल्यालाच दम भरला, "नीट उतरव, माझ्या पोरीचा हात हाय त्यो." मला बरं वाटलं ते.

वैष्णवीनं एकदा दांडकी त्यांच्या हातात दिली. आप्पा म्हणजे उतावळं काम. डबा समोर दिसला, की मला पुढं रेटायचे. मी दांड्यावर आपटायचो आणि डबा झोके खात पलीकडच्या भिंतीवर.

"आप्पा, घाई नका करू. जरा थांबा."

"दारात आलंया न्हवं? मंग धरायला कसला उशीर? म्हस असती तर एव्हाना दाव्याला बांधली असती."

"म्हशीचे पाय जमिनीवर असत्यात. ह्या म्हशीच्या पायाखाली कायच न्हाई. ढोसलं की गेली."

आप्पा हसायचे आणि पुन्हा ढोसायचे. माणसाला प्रेम असलं, की ते आधी हातात उतरतं, हे मी त्यांच्याकडं बघून शिकलो. त्यांच्या हातात ते जरा जास्तच उतरलं होतं.

आप्पांच्या घराच्या मागच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी मुलं भाड्यानं राहायची. त्यातला एक निषाद, नांदेडचा. शांत मुलगा. वैष्णवीनं त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली, नि आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगा परक्या मुलखातला, परक्या जातीचा. पण खरं सांगू, त्यांना जातीपेक्षा जास्त भीती होती ती पोरगी लांब जाण्याची. ते त्यांना बोलता आलं नाही. बोलले ते सगळं जातीचंच बोलले.

ती निघाली त्या दिवशी मी इथूनच बघत होतो. अंगणात आप्पांनी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "सोडा आप्पा, दुखतंय." त्यांनी आणखी आवळलं. काचेची बांगडी मोडली, तिच्या मनगटातून रक्त आलं, तेव्हा कुठं त्यांचा हात सैल झाला. तेवढ्यात ती फाटकाबाहेर होती. साधनाबाई काचा वेचत "वाढली, बांगडी वाढली" असं पुटपुटत बसल्या. बांगडी मोडली असं म्हणत नाहीत ना, म्हणून.

त्यानंतर आप्पा गोठ्यात यायला लागले. माझ्यावरची धूळ पुसायचे, दांडकी धरायचे आणि डब्याच्या मागं लागायचे. रोज चुकायचे. डबा भिंतीवर आपटून आपटून त्याला पोचे पडले. बाहेर मात्र त्यांनी वेगळंच काम काढलं होतं. घरावर नवा मजला चढवला. भाडेकरू विचारायला यायचे, तर म्हणायचे, "त्यो द्यायचा न्हाई." कुणासाठी आहे, हे न विचारताच सगळ्यांना कळत होतं.

साधनाबाईंचं लेकीशी फोनवर बोलणं चालू होतं. त्यांनी हळूहळू तिला वळवलं. ती नवऱ्याला घेऊन भेटायला यायला तयार झाली, तेव्हा त्यांनी आप्पांना बजावलं, "आवं, ती आपल्या पायांनी येतीया. तुमी काय बोलू नका. बसू द्या तिला, पानी पिऊ द्या."

"न्हाई बोलत," आप्पा म्हणाले. त्यांना खरंच बोलायचं नव्हतं.

वैष्णवी आली ती आधी गोठ्यात. मला बघून हसली, डब्याचे पोचे बघून आणखी हसली. पर्स खाली ठेवली, चपला काढल्या, माझ्या पायथ्याशी उकिडवी बसून एका मोटरीची वायर बघायला लागली. निषाद दाराशी उभा होता. मला वाटलं, थांबली एकदाची. आता फक्त थोडा वेळ जाऊ दे.

आप्पा आले ते किल्ली घेऊनच. अजून कुणी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांनी किल्ली तिच्या हातात कोंबली. "वरचा मजला तुमचाच हाय. भाड्याच्या घरात कशाला राहायचं? जावयबापूंनी उद्याच सामान आणावं."

निषादचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "आप्पा, राग मानू नका, पण घरजावई म्हणून नाही राहता येणार मला."

"मंग आलायसा कशाला?"

त्यांना म्हणायचं होतं, की मग तुम्हाला मी काय देऊ. पण तोंडातून निघालं ते हे. वैष्णवीनं किल्ली माझ्या पाइपावर ठेवली आणि पर्स उचलली. "आमची बंगळूरला बदली झालीय, आप्पा. जायच्या आधी तुमच्यासंगं दोन दिस राहायला आलो होतो."

साधनाबाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा गोठ्यात आप्पा एकटेच होते.

पुढं बरेच महिने त्यांनी मला हात लावला नाही. मग एक दिवस आले आणि नुसते स्टुलावर बसून राहिले. डबा हलायचा थांबेपर्यंत वाट बघितली. थांबल्यावरही बघितली. मग मला इतक्या सावकाश पुढं नेलं, की मलाच माझ्या मोटरी ऐकू येईनात. दांडा आत आला. तारा मिटल्या. डबा जागचा हललासुद्धा नाही.

आप्पांनी दांडक्यांवरचे हात काढले आणि ढसाढसा रडले. साधनाबाईंनी नंतर डबा सोडवायला हात घातला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लागलंय ते, ऱ्हाऊ दे."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. वैष्णवी धावत आली. या वेळी कुणी कुणाला काही विचारलं नाही. ती त्यांना भरवायची, दाढी करायची, खुर्चीत बसवून गोठ्यात आणायची. तिची रजा संपत आली, तसे आप्पा तिच्याकडं जास्तच बघायला लागले. ते मला बघवत नव्हतं.

निघायच्या दिवशी तिनं माझ्या तारांत अडकलेला डबा बघितला. "आप्पा, ह्यो अजून धरलेलाच? अवो, यान रिकामं झालं, की त्याला सोडायचं असतंय. ते तुमाला शिकवायचं राहूनच गेलं."

तिनं वीज चालू केली. त्यांचा डावा हात उचलून दांडक्यावर ठेवला. "आधी तारा उघडायच्या. मग हातानंच मागं यायचं, हळू. यानाला ढकलायचं न्हाई."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या तारा एकेक करून सैल झाल्या आणि त्यांनी मला मागं घेतलं. डबा जिथं होता तिथंच तरंगत राहिला. इतकं चोख काम त्यांनी माझ्याकडून कधी करून घेतलं नव्हतं.

वैष्णवीनं तंगूस कापलं आणि तो पोचे पडलेला डबा काखेत घेतला. मग ती पाया पडायला वाकली. तिचं मनगट आप्पांच्या डाव्या हाताच्या अगदी समोर आलं. डावा हात तर धडधाकट होता. त्यांनी धरलं नाही. तळवा तसाच मांडीवर उघडा ठेवला.

ती पुढच्या वेळी आली, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तिला यायला उशीर झाला होता, आप्पांचं ओढ्याकाठचं सगळं उरकलं होतं. वरच्या यानांचं म्हणे असं होतं, की त्यांना कचरा भरून सोडून देतात आणि ती खाली येता येता जळून जातात. आमच्याकडं उलटंच झालं. सुटलं ते नीट गेलं, जळणं सोडणाऱ्याच्या वाट्याला आलं.

आता गोठा पाडून इथं भाडेकरूंच्या दुचाकी लावायची सोय होणार आहे. साधनाबाईंनी भंगारवाल्याला निरोप धाडलाय. माझी त्याबद्दल तक्रार नाही, माझ्या पाइपांची कुठं तरी खिडकी होईल, कुठं तरी शिडी होईल. जो कुणी मला न्यायला येईल, त्याला एवढंच सांगायचंय. बाबा, खुशाल तोड, वाकव, वितळव. फक्त गाडीत टाकताना टोकाच्या त्या तीन तारा सैल दिसल्या म्हणून आवळू नकोस. त्या आप्पांनी उघडल्यात. जाईपर्यंत तशाच राहू दे.